आराखडा तपासून देणाऱ्या सेवेचा अनुभव : कळमेश्वर तालुक्यातल्या सहा गावांकडून

ज्या गावांवर प्रादेशिक आराखड्याचे, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या सरकारी नकाशाचे, रंग चढायला लागले आहेत आणि हरकत नेमकी कशी लिहावी हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहिते आहे. कळमेश्वर तालुक्यातल्या आमच्या नाल्याकाठच्या सहा गावांनी वर्गणी काढली आणि नागपुरातल्या एका खासगी सल्लागार संस्थेकडून आमच्या पट्ट्याचा आराखडा तपासून घेतला. भूदृश्य नियोजनाची जी तत्त्वं जगात मान्य झाली आहेत, त्यांना हा आराखडा किती धरून आहे ते गुणांसह सांगायचं, असं काम ठरलं होतं. संस्थेचं नाव देत नाही. काम कसं चाललं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्ही कोणाकडेही गेलात तरी काय मागायचं ते ठाऊक असेल. माझा कौल आधीच देते: पहिल्या मसुद्याला पाचापैकी दोन, शेवटच्या अहवालाला चार. मधल्या काळात गावकऱ्यांनी पुष्कळ काही सांगितलं आणि सल्लागारांनी ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्याबद्दलचे गुण त्यांचेच.

मी माती सर्वेक्षणात नकाशे काढायची नोकरी केली. आता निवृत्त आहे. राहते नागपुरातल्या गोपालनगरात, माहेर कळमेश्वरजवळ. भावाचा संत्र्याचा बगीचा तिथंच आहे. आराखड्याचा मसुदा भावाच्या मोबाइलवर आला तेव्हा त्यानं मला फोन केला, कारण नाल्याच्या दोन्ही अंगांना पिवळा रंग होता, म्हणजे रहिवास. वरच्या टेकडीला खेटून एक रुंद रस्ता काढला होता आणि गावची जुनी पांदण, म्हणजे शिवारातली गाडीवाट, नकाशावर कुठंच नव्हती. मंडळी चिडली होती. पण नुसत्या रागानं लिहिलेली हरकत फाइलीत जाते आणि तिथंच राहते. 'आमचं नुकसान होईल' असं तर प्रत्येक जण लिहितो. आराखडा कोणत्या कसोटीवर आणि किती कमी पडतो हे मांडता आलं, तर सुनावणीत बोलायला काही हाती राहतं, असं आमच्या वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं. म्हणून ही सेवा घेतली.

फी 1,80,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. आराखड्याचं वाचन, शिवारफेरी, गावात दोन सभा, नकाशे, अहवाल आणि सुनावणीसाठी एक टिपण, एवढं त्यात धरलं होतं. सहा गावांत वाटून घेतल्यावर हा आकडा झेपण्यासारखा आहे. एकट्या गावानं या भानगडीत पडू नये. शिवाय नाला सहा गावांतून वाहतो, तर तपासणीही सहा गावांची मिळूनच व्हायला हवी.

पहिली सभा समाजमंदिरात झाली आणि ती खरोखर चांगली झाली. संस्थेच्या प्रमुख बाई वास्तुविशारद, बोलणं स्पष्ट. त्यांनी सांगितलं की 2000 साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात युरोपातल्या देशांनी भूदृश्याबद्दल एक करार केला आणि तो 2004 मध्ये लागू झाला. त्या कराराची व्याख्या अशी, की भूदृश्य म्हणजे लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश, ज्याचं रूप निसर्ग आणि माणूस यांच्या एकमेकांवरच्या परिणामातून घडलं आहे. नुसता देखणा डोंगर किंवा अभयारण्य एवढंच त्यात येत नाही. शहराकडेचा पट्टा येतो, रोजच्या पाहण्यातलं वावर येतं, खराब झालेली जमीनही येते. या सगळ्याची ओळख पटवायची, लोकांना विचारून प्रत्येक पट्ट्याचं उद्दिष्ट ठरवायचं, आणि ते शेती, रस्ते, घरबांधणी अशा सगळ्या धोरणांत उतरवायचं, असं तो करार सांगतो.

मागच्या रांगेतून एका काकाजींनी विचारलं, "पण बाई, तिकडचा करार आमच्या गावाले कायले लागू होते जी?"

प्रश्न अगदी रास्त होता. बाईंनी तो टाळला नाही. भारत त्या करारात नाही, त्यामुळे तो कोणावर बंधनकारक नाही, फक्त मोजपट्टी म्हणून वापरतो आहोत, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग बंधनाच्या गोष्टी वेगळ्या काढल्या. पाणथळ जागांच्या रामसर करारात भारत 1982 पासून आहे. जैवविविधतेच्या करारातही आहे, आणि त्याच कराराखाली 2022 मध्ये कुनमिंग-माँट्रियल चौकट ठरली. तिचं पहिलंच उद्दिष्ट असं, की 2030 पर्यंत सगळा भूभाग लोकसहभागाच्या आणि जैवविविधतेचा विचार केलेल्या नियोजनाखाली यावा. घरचा कायदाही त्यांनी पुढे ठेवला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा. प्रादेशिक योजनेत कोणत्या बाबी याव्यात हे सांगताना त्यात निसर्गसौंदर्याची क्षेत्रं, वनं, वन्यजीव, नैसर्गिक साधनसंपत्ती यांच्या जतनाचा उल्लेख आहे, ऐतिहासिक आणि शास्त्रीय महत्त्वाच्या जागांचाही आहे. म्हणजे फ्लॉरेन्सच्या चौतीस वर्षं आधी आपल्या विधिमंडळानं यातलं बरंच काही लिहून ठेवलं होतं. सभेतल्या लोकांना हे फार भावलं, मलाही. सेवा घेताना पहिली पारख हीच करा. कोणती कसोटी बंधनकारक, कोणती फक्त मार्गदर्शक, हे वेगवेगळं करून सांगता येतं का? सगळं एकाच पोत्यात भरणारा सल्लागार सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला अडकेल.

पहिला मसुदा मात्र निराश करून गेला.

तक्ता मोठा सुबक होता. डावीकडे तत्त्वं, उजवीकडे शून्य ते तीन गुण. 'नैसर्गिक प्रवाहांचे जतन' या ओळीला तीनपैकी तीन दिले होते. का, तर आराखड्याच्या अहवालात एक वाक्य आहे की नाले आणि ओढे जतन करण्यात येतील. आता नकाशा उघडून पाहिला तर तोच नाला एका बारीक निळ्या रेघेत दाखवलेला, आणि पिवळा रंग त्या रेघेला चिकटलेला. आमचा नाला उन्हाळ्यात उडी मारून ओलांडता येतो. श्रावणात तो भावाच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पसरतो. मोठ्या नद्यांना पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आमच्या नाल्याला दोन्ही नाहीत. पूररेषाच नसेल तर 'जतन' करायचं ते कुठून कुठपर्यंत? त्या वाक्याला तीन गुण देणं म्हणजे लग्नपत्रिका बघून जेवण चांगलं होतं असं सांगणं.

याबद्दल मी जोरात बोलले, कारण नागपुरात राहून हे विसरता येत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीनं आपली जुनी जागा मागितली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घराघरांत पाणी शिरलं, माणसं दगावली. माझ्या नणंदेच्या तळमजल्यावरची पुस्तकं, धान्य, फ्रीज सगळं गेलं. हा तलाव 1870 च्या सुमाराचा. नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून येते हे शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे माहिती हाताशी होती. पाण्याला किती रुंदी लागते हा आकडा मात्र बांधकामाच्या नियमांत कुठं बसला आहे, हे कोणी वेळेवर तपासलं नाही. आमच्या छोट्या नाल्याच्या बाबतीत आम्हाला हेच तपासून हवं होतं.

दुसऱ्या बैठकीत आम्ही गुण द्यायची रीतच बदलायला सांगितली. एखादं तत्त्व आराखड्याच्या मजकुरात फक्त आलं असेल तर एक गुण. ते नकाशावर हद्दीसह उतरलं असेल तर दुसरा. त्याला बांधकाम नियमाचं बळ असेल तर तिसरा. पैसा आणि जबाबदार अधिकारी दोन्ही ठरले असतील तर चौथा. बाईंच्या हाताखालचा एक तरुण मुलगा होता, त्यानं रात्री बसून सगळा तक्ता नव्यानं मांडला. प्रवाहांच्या ओळीचे तीनपैकी तीन होते, ते चारपैकी एक झाले. सगळ्या आराखड्याचं चित्रच पालटलं. मजकुरात तत्त्वं भरपूर, नकाशावर थोडी, नियमात अगदी मोजकी, आणि पैशाच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. हे एक पान सुनावणीच्या टिपणात सगळ्यात वर गेलं. बाकी सगळं काढून टाकलं असतं तरी या पानासाठी पैसे दिले असते.

नकाशांबद्दल मला जास्त बोलावं लागेल, ते माझं क्षेत्र आहे. संस्थेनं पहिल्यांदा वापरलेलं उपग्रहचित्र मे महिन्यातलं होतं. मे महिन्यात आमच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, कोरड्या पडतात आणि चित्रात पडीक जमिनीसारख्या दिसतात. त्यामुळे त्यांच्याही नकाशात दोन बोड्या गायब होत्या, आणि हीच चूक मूळ आराखड्यातही होती. पाणथळ जागा शोधायच्या तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र घ्यावं लागतं, ढग गेलेले आणि पाणी अजून उभं असलेलं. दुसरं उंचीचं. भारतीय सर्वेक्षण विभागाचं 1:50,000 प्रमाणाचं नकाशाचं पत्रक घेऊन त्यांनी उतार काढले होते. त्या पत्रकावर समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उंचीचं अंतर वीस मीटर असतं. वीस मीटरच्या रेषांवरून टेकडी कळते, नाल्याचं पात्र कुठवर फुगतं ते कळत नाही. आणखी एक अडचण म्हणजे कळमेश्वर 55 के या मालिकेत येतं आणि नागपूर शहर 55 ओ मध्ये. 79 अंश रेखांशावर पत्रक बदलतं. आमच्या पाणलोटाचा खालचा तुकडा दुसऱ्या पत्रकावर जातो, आणि तोच त्यांच्या नकाशात नव्हता. पाणलोट तोडून भूदृश्याचं मूल्यमापन होत नाही. जैवविविधता करारातली परिसंस्थेची तत्त्वंही हेच सांगतात, की नियोजनाची हद्द निसर्गाच्या कामाच्या मापानं ठरावी.

हे सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. नवीन चित्र घेतलं, दोन्ही पत्रकं जोडली, आणि नाल्यावर काही ठिकाणी लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावून आडवे छेद घेतले. त्या छेदांवर गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी पुराच्या खुणा दाखवल्या, एका विहिरीच्या कठड्यावर, एका मंदिराच्या ओट्यावर. "थो नाला नकाशात सरळ जाते, पण पावसाळ्यात इकडं सरकते जी," असं एका आजींनी हात करून दाखवलं. तिथं खोदून पाहिलं तर खरंच जुन्या पात्राची रेती निघाली. हे काम पहिल्या मसुद्याआधी व्हायला हवं होतं. पण झालं ते नीट झालं.

मातीचा विषय तर त्यांनी सुरुवातीला घेतलाच नव्हता. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच अमरावती रोडवर आहे. नागपुरात भूदृश्याचं काम करणाऱ्यानं मातीचा नकाशा न पाहता पुढं जाणं मला पटत नाही. आमचा पट्टा दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्व टोकाला आहे. थोडं पूर्वेला गेलं की खडकाची जातच बदलते. वर टेकडीवर उथळ मुरमाड माती, मध्ये मध्यम खोल आणि खाली मुरूम असलेली, तळाला खोल चिकण काळी. संत्र्याला मधला पट्टा लागतो. खोल काळ्या जमिनीत पाणी साचतं, मुळं कुजतात, डिंक्या रोग येतो. म्हणजे संत्रा कुठंही हलवता येत नाही. आराखड्यात पिवळा रंग पडला आहे तो नेमका या मधल्या पट्ट्यावर, आणि त्या बदल्यात 'शेती' म्हणून राखलेली जमीन आहे तळाची चिकण. हेक्टरांची बेरीज जुळते, पण बगीचा जातो. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मातीच्या जोरावर ते मिळालं, त्या मातीला आराखड्यात स्वतंत्र ओळख नाही, हे वाक्य शेवटच्या अहवालात आलं आणि त्याखाली मातीच्या थरांसह नकाशा आला. मृग आणि आंबिया बहाराच्या वेळी त्या पट्ट्यातून जाऊन या, म्हणजे लोकांना जाणवणारा प्रदेश ही व्याख्या कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो.

पहिल्या मसुद्यात 'लोकांच्या दृष्टीची नोंद' या तत्त्वाला शून्य होतं, आणि खाली शिफारस होती की एक प्रश्नावली तयार करून गावकऱ्यांची मतं घ्यावीत. प्रश्नावली वाईट नाही. पण विदर्भात ही नोंद आधीपासून सरकारी दप्तरात आहे. निस्तार पत्रक. जमीन महसूल संहितेत त्याचं कलम आहे, 161. गावच्या मोकळ्या जमिनीवर गुरं कुठं चरायची, सरपण कुठून आणायचं, याची गाववार नोंद. आणि कलम 165 खाली वाजिब-उल-अर्ज, ज्यात पाण्याचा हक्क, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी यांच्या गावच्या रिवाजांची नोंद होते. ही परंपरा मध्य प्रांताच्या काळापासूनची. भावानं तहसीलच्या दप्तरखान्यातून आमच्या गावची नक्कल काढली. जुन्या पटवाऱ्याचं वळणदार अक्षर. सभेत ती वाचली तेव्हा बायका पुढं सरकून बसल्या, कारण ढोरं कुठून न्यायची, पाणवठ्याची वाट कोणती, ते सगळं त्यात होतं आणि ते आजही तसंच चालतं. आराखड्यात गायब असलेली पांदण त्यात नावानिशी आहे. आषाढात धापेवाड्याला चंद्रभागेकाठी विठ्ठलाच्या दर्शनाला जाणारी आमची दिंडी त्याच पांदणीनं जाते.

सल्लागार बाईंनी ही नक्कल हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या की परदेशात अशी नोंद करायला लोक वर्षं घालवतात. त्यांच्या टीमनं पुढच्या आठवड्यात सहाही गावांच्या नकला मिळवल्या आणि त्यातल्या वाटा, चराई, पाणवठे नव्या नकाशावर चढवले. यामुळे मूल्यमापनाचा निष्कर्ष बदलला. आधी म्हणणं होतं की लोकांच्या दृष्टीची माहिती उपलब्ध नाही, म्हणून आराखडा कमी पडला. आता म्हणणं झालं की माहिती शासनाच्याच दप्तरात होती आणि आराखडा करताना ती उघडली गेली नाही. सुनावणीत या दोन वाक्यांचं वजन सारखं नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावाला माझं कळकळीचं सांगणं आहे. सल्लागाराकडे जाण्याआधी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल काढून ठेवा.

संस्थेनं स्वतःहून आणलेली एक चांगली गोष्टही नोंदवते. गावाच्या उत्तरेला बंद पडलेली गिट्टीची खदान आहे. आम्ही तिचा विचारही केला नव्हता, ती आमच्या डोळ्यांना खराब जागा म्हणूनच दिसत होती. बाईंनी दाखवलं की खराब झालेल्या भूदृश्याचं काय करायचं हे ठरवणं हाही नियोजनाचा भाग आहे, आणि आराखडा त्यावर गप्प आहे. नागपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, राखेची तळी, खदानी इतक्या आहेत की हा मुद्दा आमच्यापुरता नाही. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत गेली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा जागांना नकाशावर स्वतंत्र खूण, दुरुस्तीचं उद्दिष्ट आणि मुदत हवी, ही शिफारस पूर्णपणे त्यांची आहे आणि मला ती पुरती पटली.

उदाहरणं निवडताना मात्र ते फार दूर जातात. पहिल्या मसुद्यात नेदरलँड्सचा नदीला जागा देणारा कार्यक्रम होता, तीसहून जास्त ठिकाणी बांध मागे घेऊन नदीचं पात्र मोकळं केलं तो. उदाहरण उत्तम आहे, पण गावच्या सभेत ते पोचत नाही. आम्ही म्हटलं, पेंच घ्या. जबलपूरच्या हमरस्त्यावर व्याघ्र प्रकल्पातून जाताना प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत, सगळ्यात लांब वाट सुमारे साडेसातशे मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून वाघासकट कितीतरी प्राणी जाताना दिसले. रस्ता झाला, वाहतूक चालू आहे, आणि वाटही राहिली. आमच्या टेकडीखालून जाणारा रस्ता रोही (नीलगाई) आणि रानडुकरं ओलांडतात, दिंडी ओलांडते, गुरं ओलांडतात. त्यासाठी खालून वाट मागताना पेंचचा दाखला फ्लॉरेन्सपेक्षा जास्त कामाचा आहे. काटोल रोडवरची जुनापाणीची शिळावर्तुळं हाही असाच जवळचा दाखला. महापाषाण काळातली ती दफनस्थळं पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत. पण आमच्या गावच्या माळावरही दगडांची अशी दोन वर्तुळं आहेत आणि ती कुठल्याच यादीत नाहीत. अहवालात त्यांची जागा अक्षांश-रेखांशासह आली, तज्ज्ञांकडून पाहणी व्हावी अशा शिफारशीसह.

भाषेबद्दल नाराजी कायम आहे. मुख्य अहवाल इंग्रजीत आणि मराठीत फक्त सारांश, असा त्यांचा नेहमीचा शिरस्ता. लोकसहभागाला गुण देणारा अहवाल लोकांना वाचता येऊ नये, हे मी चालू दिलं नाही. अखेर पूर्ण मराठी अहवाल आला, पण भाषांतर घाईचं होतं. 'भूप्रदेशाच्या दृश्य गुणवत्तेचे उद्दिष्ट निर्धारण' असली वाक्यं माझ्या भावानं आणि शाळेतल्या सरांनी बसून सोपी केली. या कामाचा मोबदला कोणी दिला नाही, आणि सल्लागारांनी तो धरायला हवा होता. सभांच्या वेळाही त्यांनी दुपारच्या ठेवल्या होत्या. निंदणाच्या दिवसांत दुपारी बायका वावरात असतात. दुसरी सभा रात्री आठला घेतली तेव्हा कुठं पाणवठ्याच्या गोष्टी निघाल्या.

सध्या हरकती दाखल झाल्या आहेत, सुनावणीची तारीख यायची आहे. आराखडा बदलेल की नाही हे सेवेच्या हातात नाही, म्हणून त्यावर मी गुण देत नाही. संस्थेचा तो तरुण मुलगा सुनावणीला सोबत येणार आहे, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही असं लेखी आहे. ज्यांच्याकडे निदान महिना-दीड महिना हाताशी आहे आणि गावातले चार-पाच जण सल्लागारासोबत शिवार तुडवायला तयार आहेत, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. फक्त फी भरून अहवालाची वाट बघणार असाल तर पहिल्या मसुद्यासारखंच काहीतरी हाती येईल.

करार करताना काही गोष्टी लिहून घ्या. उपग्रहचित्र पावसाळ्यानंतरचं असेल. पाणलोट पूर्ण घेतला जाईल, तालुक्याच्या किंवा पत्रकाच्या रेषेवर तोडला जाणार नाही. मातीचा नकाशा आणि निस्तार पत्रक वापरलं जाईल. प्रत्येक गुणाशेजारी आराखड्यातलं पान आणि नकाशाचा क्रमांक असेल. अहवाल आधी मराठीत येईल. आणि नकाशांच्या मूळ फायली गावाच्या मालकीच्या राहतील, कारण पुढच्या आराखड्याच्या वेळी त्याच लागतील. आम्ही शेवटचा हप्ता या फायली पेनड्राइव्हवर मिळाल्यावर आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावर उघडून पाहिल्यावरच दिला.